चष्मा जातो, मागे काय उरते?

मुंबई, प्रतिनिधी

लोकलच्या डब्यात, रिक्षाच्या पाठीवर आणि रविवारच्या पुरवणीच्या कोपऱ्यात एक जाहिरात हमखास भेटते. 'दहा मिनिटांत चष्म्यापासून मुक्ती' अशा अर्थाचा तिचा मथळा असतो आणि शेजारी चष्मा भिरकावून देणारी एक हसरी तरुणी असते. जाहिरातीतील दावा खोटा आहे, असे म्हणता येणार नाही. लेझरचा मारा एका डोळ्यावर जेमतेम मिनिटभर, बहुधा त्याहूनही कमी वेळ चालतो. भूल केवळ थेंबांची असते. सकाळी गेलेला माणूस दुपारी घरी येतो आणि दुसऱ्या दिवशी भिंतीवरचे घड्याळ चष्म्याविना वाचतो. लेसिक शस्त्रक्रियेविषयी जगभर प्रसिद्ध झालेल्या संशोधनाचा जो आढावा २००९ साली घेण्यात आला, त्यात समाधानी रुग्णांचे प्रमाण ९५.४ टक्के आढळले होते. एवढे समाधान फार थोड्या शस्त्रक्रियांच्या वाट्याला येते.

तरीही या शस्त्रक्रियेकडे इतर शस्त्रक्रियांच्या मापाने पाहता येत नाही. मोतीबिंदू काढला नाही तर दृष्टी जाते. आंत्रपुच्छाला सूज आली तर जीव धोक्यात येतो. तेथे शस्त्रक्रियेचा धोका एका पारड्यात आणि आजाराचा धोका दुसऱ्या पारड्यात असतो. चष्म्याचा नंबर घालवण्यासाठी मेजावर झोपणाऱ्या माणसाचा डोळा मात्र बहुधा निरोगी असतो. चष्मा लावला की त्याला तक्त्यावरची शेवटची ओळ स्पष्ट दिसते. म्हणजे येथे दुसऱ्या पारड्यात आजार नाही, केवळ चष्मा आहे. म्हणूनच हजारांत एखाद्याला होणारी इजाही येथे अधिक जड ठरते आणि ती कोणाला होण्याचा संभव आहे, हे आधी ओळखणे हाच या साऱ्या प्रकरणाचा गाभा ठरतो.

अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब

डोळ्याच्या अगदी पुढचा पारदर्शक पडदा म्हणजे पारपटल, म्हणजेच कॉर्निया. त्याची मध्यभागी जाडी साधारण अर्धा मिलिमीटर, अर्थात ५०० ते ५५० मायक्रॉन असते. बाहेरून येणारा प्रकाश वळवून आतल्या दृष्टिपटलावर नेमका नेऊन ठेवण्याच्या कामातील सुमारे दोन तृतीयांश वाटा या पडद्याचा असतो. डोळ्याचा गोल थोडा लांब असला की प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच पडते आणि दूरचे अंधूक दिसते. हाच आपला 'मायनस नंबर'. लेझर या गोलाची लांबी कमी करीत नाही. ते पारपटलाचा मधला भाग किंचित खरवडून सपाट करते. म्हणजे ज्यामुळे नंबर आला ते कारण तसेच राहते, फक्त पुढच्या भिंगाचा आकार बदलतो. ही बाब पुढे पुन्हा आठवावी लागेल.

या कामासाठी वापरल्या जाणाऱ्या एक्सायमर लेझरचा शोध मोठा गमतीचा आहे. न्यूयॉर्क राज्यातील आयबीएमच्या प्रयोगशाळेत मूळचे चेन्नईचे शास्त्रज्ञ रंगस्वामी श्रीनिवासन आपल्या दोन सहकाऱ्यांसह या लेझरवर काम करीत होते. नोव्हेंबर १९८१ मध्ये, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, जेवणातून उरलेल्या टर्कीचा तुकडा त्यांनी प्रयोगशाळेत आणला आणि त्यावर १९३ नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील किरणांचा मारा केला. आजूबाजूचा भाग न भाजता, न करपता अत्यंत स्वच्छ चीर पडली. दोन वर्षांतच नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांनी हे तंत्र पारपटलासाठी वापरता येईल, असे दाखवून दिले. या लेझरचा एक ठोका पाव मायक्रॉनच्या आसपास ऊती काढतो. इतके नाजूक हत्यार शल्यविशारदांच्या हाती पूर्वी कधीच नव्हते.

सर्वांत प्रचलित अशा लेसिक पद्धतीत प्रथम पारपटलाचा वरचा पापुद्रा कापला जातो. पूर्वी हे काम मायक्रोकेराटोम नावाचे फिरते पाते करीत असे, आता बहुतेक ठिकाणी फेम्टोसेकंद लेझर करते. वहीचे पान उलटावे तसा हा पापुद्रा, ज्याला डॉक्टर 'फ्लॅप' म्हणतात, बाजूला उलटला जातो. खालचा थर लेझरने खरवडला जातो आणि फ्लॅप पुन्हा जागेवर बसवला जातो. त्याला टाका घालत नाहीत.

यात किती जाडी खर्ची पडते, याचा हिशेब कोणालाही कागदावर मांडता येईल. साडेसहा मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळात नंबर उतरवायचा असेल तर एका डायॉप्टरमागे सुमारे १४ मायक्रॉन जाडी जाते. मायनस सहाचा नंबर असेल तर ८४ ते ८५ मायक्रॉन. फ्लॅपची जाडी ११० मायक्रॉन धरली, तर तेवढा भागही भार पेलण्याच्या दृष्टीने जवळजवळ निकामी होतो, कारण तो खालच्या थराशी पूर्वीसारखा कधीच एकजीव होत नाही. उरलेल्या थरावरच डोळ्यातील दाब तोलून धरण्याची जबाबदारी येऊन पडते. हा उरलेला थर २५० मायक्रॉनपेक्षा कमी असू नये, हा जुना संकेत. अनेक शल्यविशारद आता ३०० मायक्रॉनचा आग्रह धरतात. एकूण जाडीच्या ४० टक्के किंवा त्याहून अधिक भागाला हात लागला तर धोका वाढतो, असाही निष्कर्ष २०१४ मधील संशोधनातून पुढे आला.

भिंत फुगते तेव्हा

या हिशेबाला इतके महत्त्व का, हे समजण्यासाठी १९९८ कडे जावे लागेल. लेसिक झालेल्या काही रुग्णांचे पारपटल काही काळाने पुढे फुगू लागल्याचे जर्मन नेत्रतज्ज्ञ थिओ झाइलर यांनी त्या वर्षी नोंदवले. पाया कमकुवत झालेली भिंत जशी मधूनच फुगवटा धरते, तसेच हे. वैद्यकीय भाषेत याला 'एक्टेशिया' म्हणतात. नंबर पुन्हा वाढू लागतो, तोही वेडावाकडा; चष्म्याने दृष्टी पूर्ण सुधारत नाही, कडक काँटॅक्ट लेन्स लावावी लागते आणि काहींवर पारपटलाचे प्रत्यारोपण करण्याची वेळ येते. चष्मा नको म्हणून गेलेल्या माणसाच्या वाट्याला चष्म्याने भागत नाही अशी अवस्था यावी, यासारखी दुर्दैवाची गोष्ट नाही. ही गुंतागुंत विरळ आहे. प्रसिद्ध झालेले अंदाज दर दहा हजार डोळ्यांमागे चार ते साठ असे आहेत. पण ती शस्त्रक्रियेनंतर लगेच दिसत नाही, काही महिन्यांनी किंवा वर्षांनी दिसते. म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या आनंदावरून तिचा अंदाज येत नाही.

एक्टेशिया झालेल्या अनेक डोळ्यांत मूळचाच एक दोष दडलेला असतो. त्याचे नाव केरॅटोकोनस. यात पारपटल स्वतःहूनच हळूहळू पातळ होत शंकूसारखे पुढे येते. हा विकार साधारणपणे किशोरवयात किंवा विशीत सुरू होतो. म्हणजे नेमक्या त्याच वयात, ज्या वयात मुले-मुली चष्मा घालवण्याचा विचार करू लागतात. भारतीय उपखंडात त्याचे प्रमाण युरोपीय लोकसंख्येपेक्षा अधिक असल्याचे मानले जाते. नागपूरच्या ग्रामीण परिसरात झालेल्या मध्य भारत नेत्र व वैद्यकीय पाहणीचा २००९ मधील निष्कर्ष या संदर्भात नेहमी सांगितला जातो. त्यात ३० वर्षांवरील सुमारे २.३ टक्के लोकांमध्ये केरॅटोकोनस सूचित करणारी वक्रता आढळली होती. ही पाहणी पारपटलाचा पूर्ण नकाशा न काढता केवळ वक्रतेच्या मापावर आधारलेली होती, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा धरता येणार नाही. परंतु पाश्चात्त्य देशांतील जुन्या आकड्यांवर विसंबून येथे निश्चिंत राहणे योग्य नव्हे, एवढे त्यातून निश्चित कळते.

आरंभीच्या अवस्थेतील केरॅटोकोनस साध्या तपासणीत दिसत नाही. रुग्णाला काही जाणवत नाही, चष्म्याने दिसतेही छान. तो सापडतो तो पारपटलाच्या नकाशात, म्हणजे टोपोग्राफी किंवा टोमोग्राफीच्या रंगीत चित्रात. या चित्रात पारपटलाचा खालचा भाग वरच्यापेक्षा अधिक उंचावलेला दिसला, मागच्या पृष्ठभागावर उंचवटा दिसला, तर अनुभवी डॉक्टर तेथेच थांबतात. दर सहा महिन्यांनी नंबर बदलतो आहे, कोन बदलतो आहे, घरात कोणाला हा विकार आहे, डोळे सतत चोळण्याची सवय आहे, ही आणखी काही धोक्याची चिन्हे. डोळे चोळण्याच्या सवयीचा प्रश्न डॉक्टरांनी विचारला तर तो क्षुल्लक समजू नये. ॲलर्जीमुळे वर्षानुवर्षे मुठींनी डोळे रगडणारी मुले आपल्याकडे घरोघरी आहेत.

एक्टेशिया लवकर लक्षात आला तर तो थोपवण्याचा उपाय आता उपलब्ध आहे. जर्मनीतील ड्रेस्डेन येथे विकसित झालेल्या 'क्रॉसलिंकिंग' पद्धतीत पारपटलावर रायबोफ्लेविन म्हणजे 'बी-२' जीवनसत्त्वाचे थेंब टाकून अतिनील किरण सोडतात, त्यामुळे तेथील तंतू अधिक घट्ट बांधले जातात. पण हा उपाय बिघाड थांबवण्यासाठी आहे, गेलेला आकार पूर्ववत आणण्यासाठी नव्हे.

ही माहिती गोळा करताना प्रस्तुत प्रतिनिधीने स्वतःचीही तपासणी करून घेतली. वीस वर्षांचा चष्मा, दोन्ही डोळ्यांना मायनस सहा. एका केंद्रात पारपटलाची जाडी ४९८ मायक्रॉन भरली. वरचाच हिशेब लावला तर १९५ मायक्रॉन जाऊन ३०३ उरतात आणि एकूण ३९ टक्के जाडीला हात लागतो. म्हणजे सारे काही नियमात, पण काठावर. केंद्रातील समुपदेशिकेने 'तुम्ही पात्र आहात' असे सांगून त्याच आठवड्यातील तारीख सुचवली. तपासणीचे कागद मागून घेऊन दुसऱ्या नेत्रतज्ज्ञांना दाखवले, तेव्हा त्यांनी डाव्या डोळ्याच्या नकाशातील खालच्या भागाकडे बोट दाखवले, डोळे चोळता का असे विचारले आणि वर्षभराने पुन्हा नकाशा काढू, तोवर काही करू नका, असे सांगितले. कागद तेच, यंत्र तेच, आकडेही तेच.

रात्रीचे दिवे आणि कोरडे डोळे

एक्टेशिया गंभीर पण विरळ. याउलट सौम्य पण सर्रास आढळणारे त्रास दोन. डोळ्यांचा कोरडेपणा आणि रात्रीच्या दृष्टीतील दोष.

पारपटल हा शरीरातील सर्वाधिक संवेदनशील भागांपैकी एक आहे. त्यातील सूक्ष्म चेतातंतू डोळा कोरडा पडल्याची वर्दी देतात आणि मग अश्रू पाझरतात, पापणी मिटते. फ्लॅप कापताना हे तंतू तुटतात. वर्दी देणाराच गेल्यावर डोळा कोरडा पडत जातो. तंतू पुन्हा वाढतात, परंतु त्याला सहा महिने ते वर्ष लागते. बहुतेकांना या काळात कृत्रिम अश्रूंचे थेंब पुरतात. काहींचा कोरडेपणा मात्र टिकून राहतो. अगदी थोड्यांमध्ये तुटलेले तंतू चुकीच्या तऱ्हेने वाढतात आणि डोळा तपासणीत ठणठणीत दिसत असूनही त्यात सतत जळजळ, टोचणी, वेदना जाणवत राहते. या रुग्णांची सर्वांत मोठी तक्रार अशी की, त्यांच्यावर कोणी विश्वासच ठेवत नाही. 'डोळा छान आहे, नंबर शून्य आहे' असे ऐकून ते परत येतात. वातानुकूलित कार्यालयात दहा-दहा तास संगणकासमोर बसणाऱ्यांच्या डोळ्यांची उघडझाप आधीच कमी झालेली असते. त्यांनी शस्त्रक्रियेपूर्वी अश्रूंची तपासणी करून घेणे अगत्याचे.

रात्रीच्या दृष्टीचा प्रश्न वेगळा. अंधारात बाहुली मोठी होते आणि लेझरने सपाट केलेल्या वर्तुळाच्या कडेवरून येणारा प्रकाशही आत शिरतो. मग समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याभोवती वलय दिसते किंवा त्यातून चांदणीसारखे किरण फुटतात. तपासणीच्या खोलीतील पांढऱ्या तक्त्यावरची काळी अक्षरे वाचणारा हाच माणूस '६/६' म्हणून उत्तीर्ण होतो. पावसाळी रात्री द्रुतगती मार्गावर मात्र त्याला गाडी चालवणे नकोसे होते. तक्ता जे मोजतो ते आणि रस्ता जे मागतो ते, यांत अंतर आहे.

हे त्रास नेमके किती जणांना होतात, यावर बरीच वर्षे केवळ वाद झाले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने एप्रिल २००८ मध्ये जाहीर सुनावणी घेतली, तेव्हा नाराज रुग्णांनी तेथे येऊन आपल्या व्यथा मांडल्या. त्यातूनच पुढे 'प्राऊल' या नावाने ओळखले जाणारे दोन अभ्यास झाले आणि त्यांचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. या अभ्यासांचे वैशिष्ट्य असे की, त्यांत डॉक्टरांनी काय पाहिले यापेक्षा रुग्णांना काय जाणवले, याची नोंद थेट रुग्णांकडून घेण्यात आली. शस्त्रक्रियेपूर्वी दृष्टीविषयक एकही तक्रार नसलेल्यांपैकी ४३ ते ४६ टक्के लोकांनी तीन महिन्यांनंतर वलये, चकाकी, दुहेरी प्रतिमा यांपैकी किमान एक नवी तक्रार नोंदवली. पूर्वी कोरडेपणा नसलेल्यांपैकी सुमारे ३० टक्क्यांपर्यंत लोकांना तो जाणवू लागला. दुसरीकडे, या त्रासामुळे दैनंदिन व्यवहार करणे फार अवघड झाले असे सांगणारे एक टक्क्याहून कमी होते आणि दृष्टीबद्दल समाधानी असणारे ९५ टक्क्यांहून अधिक होते. हे दोन्ही आकडे एकाच अभ्यासातील आहेत. जाहिरातवाले एक सांगतात, विरोधक दुसरा. रुग्णाला दोन्ही कळायला हवेत.

लेसिकच्या मान्यतेच्या काळात एफडीएत संबंधित विभागाचे प्रमुख असलेले मॉरिस वॅक्सलर यांनी तर २०११ मध्ये ही मान्यताच मागे घ्यावी, असा अर्ज केला होता. तो मान्य झाला नाही. मात्र रुग्णाला कोणती माहिती कशा शब्दांत द्यावी, याविषयीचा सविस्तर मसुदा एफडीएने २०२२ मध्ये प्रसिद्ध केला, त्यावर नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी तो अकारण भीतिदायक असल्याची टीका केली.

उरलेले धोके थोडक्यात. फ्लॅप कापताना तो अपुरा किंवा वेडावाकडा कापला जाणे, त्याखाली सुरकुती राहणे, वरच्या थराच्या पेशी त्याखाली शिरणे, पहिल्या काही दिवसांत त्याखाली वाळूच्या कणांसारखी दिसणारी सूज येणे (तिला डॉक्टर मंडळींनी 'सहाराची वाळू' असे काव्यात्म नाव दिले आहे), नंबर कमी किंवा जास्त उतरणे आणि जंतुसंसर्ग. संसर्ग फार क्वचित होतो आणि येथे काँटॅक्ट लेन्सवाल्यांनी फुशारकी मारू नये. लेन्स लावून रात्री झोपणाऱ्यांपैकी दर दहा हजारांमागे सुमारे वीस जणांना वर्षाकाठी पारपटलाचा संसर्ग होतो, असे आढळले आहे. पाण्याच्या नळाखाली लेन्स धुणारे आपल्यात कमी नाहीत. फ्लॅपला जोराचा मार लागल्यास तो शस्त्रक्रियेनंतर अनेक वर्षांनीही सरकल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. मुष्टियुद्ध, कबड्डी किंवा तत्सम खेळ खेळणाऱ्यांना म्हणूनच फ्लॅपविरहित पद्धती सुचवल्या जातात.

अशा पद्धती दोन. पीआरके ही लेसिकपेक्षाही जुनी. तीत वरची पातळ त्वचा काढून लेझर मारतात. पहिले तीन-चार दिवस डोळा चांगलाच दुखतो, दृष्टी स्थिरावण्यास वेळ लागतो आणि मोठ्या नंबरात पारपटलावर धूसरपणा येऊ शकतो, पण भार पेलणारी जाडी वाचते. 'स्माईल' या नव्या पद्धतीत फ्लॅप न कापता बारीक छेदातून आतली चकती काढून घेतात. तिच्या आरंभीच्या काळातील महत्त्वाचा अनुभव आपल्या शेजारच्या बडोद्यातील नेत्रतज्ज्ञांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केला होता. तीत कोरडेपणा कमी असतो. एक्टेशियाचा धोका मात्र स्माईलनेही पूर्णपणे टळत नाही. नंबर फार मोठा किंवा पारपटल फार पातळ असेल तर डोळ्याच्या आत भिंग बसवण्याचा पर्याय असतो. तो डोळा उघडून करावयाचा असल्याने मोतीबिंदू, दाब वाढणे असे त्याचे धोके निराळे.

काळाने शिकवलेले धडे

पारपटलावर हात चालवण्याचा मोह जुना आहे आणि त्याची फळे उशिरा दिसण्याचा इतिहासही जुना आहे. जपानमधील डॉ. त्सुतोमु सातो यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास पारपटलाला आतून व बाहेरून चिरा देऊन मायनस नंबर कमी करण्याची पद्धत काढली. शेकडो डोळ्यांवर ती वापरली गेली आणि सुरुवातीला यशस्वीही ठरली. पुढे सुमारे वीस वर्षांनी त्या डोळ्यांची पारपटले सुजून पांढुरकी होऊ लागली. आतल्या अस्तराच्या पेशी पारपटलातील पाणी उपसून ते पारदर्शक ठेवतात आणि एकदा नष्ट झालेल्या या पेशी पुन्हा निर्माण होत नाहीत, ही गोष्ट त्या काळी ठाऊक नव्हती. १९७० च्या दशकात मॉस्कोच्या स्व्यातोस्लाव्ह फ्योदोरोव्ह यांनी केवळ बाहेरून चिरा देण्याची सुधारित पद्धत लोकप्रिय केली. अमेरिकेत तिचा दहा वर्षे पाठपुरावा करण्यात आला, तेव्हा ४३ टक्के डोळ्यांचा नंबर प्लसच्या दिशेने एक डायॉप्टर किंवा त्याहून अधिक सरकल्याचे १९९४ मध्ये स्पष्ट झाले. १९९६ च्या एव्हरेस्ट दुर्घटनेत मरणाच्या दारातून परतलेले अमेरिकी गिर्यारोहक बेक वेदर्स यांची दृष्टी उंचावर अचानक अंधूक झाली, तीही याच शस्त्रक्रियेमुळे.

लेझर या दोन्हींहून कितीतरी अचूक आहे आणि त्याचा अनुभव आता तीन दशकांहून अधिक जमा झाला आहे. तरी काळाने काय होते हा प्रश्न येथेही उरतोच. फक्त तो पारपटलापुरता राहत नाही, पुढच्या आयुष्यातील इतर आजारांशी जोडला जातो.

पहिली गोष्ट चाळिशीची. ती सर्वांना लागते. लेझर तिला अडवू शकत नाही. उलट मायनस नंबरवाल्यांना आजवर चष्मा काढला की जवळचे वाचता येत असे, ती सोय जाते. चाळिशीच्या उंबरठ्यावर शस्त्रक्रिया करून घेणाऱ्याचा एक चष्मा जातो आणि थोड्याच वर्षांत दुसरा येतो. दुसरी गोष्ट दृष्टिपटलाची. डोळ्याचा गोल लांबच राहिलेला असतो, त्यामुळे मोठ्या मायनस नंबरासोबत येणारा दृष्टिपटल फाटण्याचा, सुटण्याचा धोका जसाच्या तसा असतो. 'आता नंबर नाही, आता डॉक्टरकडे कशाला' हा समज घातक आहे. तिसरी काचबिंदूची. डोळ्यातील दाब मोजणारे उपकरण पारपटल दाबून दाब मोजते. पारपटल पातळ केलेले असेल तर दाब प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो आणि काचबिंदू वेळेवर लक्षात न येण्याची भीती असते.

नोकरीचा मुद्दाही लक्षात ठेवला पाहिजे. रेल्वेतील सहायक लोको पायलट पदाच्या २०१८ च्या भरतीत लेसिक किंवा नंबर घालवण्याची कोणतीही शस्त्रक्रिया केलेले उमेदवार अपात्र ठरतील, असे स्पष्ट नमूद होते. सैन्यदलांत नियम शाखेनुसार वेगळे असून शस्त्रक्रियेच्या वेळचे वय, त्यानंतर लोटलेला काळ आणि उरलेली जाडी यांवर निर्णय होतो. चष्म्यामुळे नोकरी जाईल म्हणून लेझर करून घेणाऱ्या मुलाने आधी त्या भरतीची अधिसूचना वाचावी. लग्न ठरवताना मुलीचा चष्मा खटकतो म्हणून अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलींना आई-वडील घेऊन येतात, हा प्रकार तर आपल्याकडे सर्वश्रुत आहे. किमान वर्षभर नंबर स्थिर असल्याखेरीज आणि गर्भारपणात वा अंगावर पाजत असताना ही शस्त्रक्रिया करू नये, असा दंडक आहे. लग्नाचा मुहूर्त हा त्याला अपवाद ठरत नाही.

कागद वाचायचा केव्हा?

तपासणीच्या दिवशी प्रस्तुत प्रतिनिधीच्या डोळ्यांत बाहुली मोठी करणारे थेंब घातले गेले आणि त्यानंतर अर्ध्या तासाने संमतिपत्र पुढे करण्यात आले. चार पाने, इंग्रजीत, बारीक टाइप. थेंबांमुळे चष्म्यातून जवळचे काही दिसेना. शेवटी चष्मा काढून, कागद वीतभरही नाही अशा अंतरावर नाकाशी धरून तो वाचावा लागला. मायनस सहाची सोय ही अशी. शेजारी बसलेल्या तरुणाने तो न वाचताच सही केली होती. एक्टेशियाचा उल्लेख तिसऱ्या पानावर होता.

रुग्णाची संमती खरी ठरण्यासाठी त्याला उपचाराचे स्वरूप, त्याचे फायदे, पर्याय आणि महत्त्वाचे धोके यांची पुरेशी माहिती दिलेली असली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ च्या निकालात स्पष्ट केले आहे. मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते, हे तर १९९५ सालीच ठरले. त्यामुळे संमतिपत्र आदल्या दिवशी घरी नेण्यासाठी मागणे, मराठीत समजावून मागणे यात संकोच करण्याचे कारण नाही. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर स्वतः भेटले का, पारपटलाचा नकाशा त्यांनी स्वतः पाहिला का, उरणारी जाडी किती हे त्यांनी आकड्यात सांगितले का, हे विचारले पाहिजे. तपासणीपूर्वी मऊ काँटॅक्ट लेन्स एक-दोन आठवडे आणि कडक लेन्स त्याहून अधिक काळ बंद ठेवावी लागते, अन्यथा लेन्सने दाबलेल्या पारपटलाचा नकाशाच चुकतो. ज्या केंद्रात लेन्स काढून तासाभरात नकाशा निघतो आणि लगोलग तारीख मिळते, तेथून बाहेर पडलेले बरे. विम्याच्या भरवशावर असणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की, आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींनुसार साडेसात डायॉप्टरपेक्षा कमी नंबरासाठीचा खर्च विमा कंपन्यांना नाकारता येतो.

आणि शस्त्रक्रिया झालीच, तर त्यापूर्वीचे सारे कागद जपून ठेवावेत. मूळ नंबर, पारपटलाची वक्रता, जाडी, डोळ्याची लांबी आणि शस्त्रक्रियेनंतर स्थिरावलेला नंबर. साठीला आल्यावर मोतीबिंदू काढण्याची वेळ येईल, तेव्हा डोळ्यात कोणत्या शक्तीचे भिंग बसवायचे याचे गणित पारपटलाच्या वक्रतेवरून मांडतात. लेझरने ती वक्रता बदललेली असल्याने नेहमीची सूत्रे चुकतात आणि मोतीबिंदूनंतर नको असलेला प्लस नंबर पदरी पडतो. यासाठी आता वेगळी सूत्रे आहेत, पण जुने आकडे हाती असतील तर डॉक्टरांना आपले उत्तर पडताळून पाहता येते. लेझर केंद्रे इतकी वर्षे कागद ठेवतील, किंबहुना ती केंद्रे त्याच जागी असतील, याची खात्री नाही. तेव्हा ही फाइल घराच्या कागदपत्रांसोबतच ठेवावी आणि ती कोठे आहे, हे घरातील आणखी एका माणसाला सांगून ठेवावे.